मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर हिप्पोथेरपी: परवानगीपासून पहिल्या फेरीपर्यंत आणि त्यानंतर

घोडा नुसता चालत असला तरी त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर स्थिर राहत नाही. ती पुढे-मागे झुकते, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे उचलली जाते आणि प्रत्येक पावलाला थोडी वळतेही. आपण स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा कंबर जवळपास अशीच हलते. मिनिटाला साधारण शंभर पावलं या वेगाने घोडा ही हालचाल न थकता, न चुकता देत राहतो, आणि धडाला प्रत्येक पावलाला स्वतःचा तोल नव्याने सावरावा लागतो. व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्या शरीराला हा सराव दुसरीकडे सहज मिळत नाही. हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर, उभी आहे ती याच गोष्टीवर.

यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधीच सांगतो. तुटलेला मज्जारज्जू याने जुळत नाही, गेलेली संवेदना परत येत नाही. ज्यांना तसं आश्वासन मिळालं असेल त्यांनी त्या केंद्रापासून दूर राहावं. मिळू शकतं ते असं: पायांचा ताठरपणा आणि झटके काही काळ कमी होणं, बसल्या जागी धडाचा तोल सुधारणं, मांड्यांच्या आतल्या बाजूचे आखडलेले स्नायू सैल होणं आणि मन हलकं होणं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००७ साली मज्जारज्जूची दुखापत झालेल्या १२ जणांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, २५ मिनिटं, असे चार आठवडे. घोड्यावरच्या सत्रानंतर ताठरपणा लगेच कमी झालेला दिसला आणि मनःस्थितीही त्या वेळेपुरती सुधारली, पण हा परिणाम पुढे टिकून राहिला नाही. अभ्यास लहान असला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण अपेक्षा कुठे ठेवायची ते त्यातून कळतं.

एका सत्रात घोड्यावरचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. ती मिनिटं सुरक्षित जाणार की नाही, हे मात्र जमिनीवरच ठरलेलं असतं: तुमच्या त्वचेची, मूत्राशयाची आणि हाडांची तयारी कशी झाली आहे, आणि तुम्हाला घोड्यावर कोण, कसं बसवतं, यावर. म्हणून या लेखाचा मोठा भाग घोड्यावर बसण्याआधीचा आहे.

कोणता प्रकार निवडायचा

हिप्पोथेरपी हा उपचार आहे. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा व्यायामाच्या साधनासारखा वापर करतात. घोडा दुसरा माणूस चालवतो, तुम्ही लगाम धरत नाही. थेरप्युटिक रायडिंगमध्ये प्रशिक्षक तुम्हाला घोडेस्वारीच शिकवतो, तुमच्या शरीराला झेपेल अशा बदलांसह. दोन्ही चांगले, पण दुखापतीनंतर पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्याने उपचारापासूनच सुरुवात करावी. धड सावरायला शिकायचं आणि त्याच वेळी घोडाही सांभाळायचा, हे एकदम झेपत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

‘घोड्यावर बसू का?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम मिळतं. नेमके प्रश्न लिहून न्या.

पहिला प्रश्न पाठीच्या कण्याचा. फ्रॅक्चर पूर्ण जुळलं आहे का? रॉड आणि स्क्रू घातले असतील तर ते पक्के आहेत का, आणि त्यांच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर जास्तीचा ताण येतोय का? कणा अस्थिर असेल तर हा विषय तिथेच थांबतो. शस्त्रक्रियेला किती महिने झाले याला तेवढा अर्थ नाही. अलीकडचे एक्स-रे पाहून सर्जनने लेखी परवानगी द्यायला हवी.

दुसरा प्रश्न हाडांचा, आणि हाच सगळ्यात जास्त विसरला जातो. दुखापतीच्या पातळीखालची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने ठिसूळ होतात, त्यातही गुडघ्याच्या वरचा आणि खालचा भाग जास्त. पाय घोड्यावरून पलीकडे नेताना नुसता पिळला गेला तरी अशी हाडं मोडू शकतात, आणि संवेदना नसल्याने कळतही नाही. हाडांच्या घनतेची तपासणी केली नसेल तर करून घ्या.

तिसरा प्रश्न खुब्यांचा. सांधा निखळलेला किंवा अर्धवट सरकलेला आहे का? खुब्याभोवती स्नायूंमध्ये हाड तयार झालं आहे का? दोन्ही पाय किती फाकतात? घोड्यावर मांड घालायला पाय बऱ्यापैकी फाकावे लागतात, आणि ते जोर करून फाकवायचे नसतात. कोन कमी असेल तर अरुंद पाठीचा घोडा शोधता येतो. सांधाच बिघडलेला असेल तर नाही.

याशिवाय पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ झाली होती का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पोटात बॅक्लोफेनचा (ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा) पंप आहे का, आणि फिट येतात का, हे सांगा. आधी जमत असलेली हालचाल किंवा संवेदना अलीकडे कमी होत असेल, तर आधी त्याचा तपास. उघडी जखम किंवा प्रेशर सोअर (सततच्या दाबाने झालेला व्रण) असेल, तर ती पूर्ण भरून नवी त्वचा घट्ट होईपर्यंत घोडा नाही. यात सूट नको.

दुखापत टी६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब अचानक उसळण्याचा धोका असतो. अशा लोकांना काही केंद्रं घोड्यावर घेतच नाहीत, तर काही फक्त अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली घेतात. नकार मिळाला तर तो मनाला लावून घेऊ नका. माहीत नसताना हो म्हणणाऱ्या केंद्रापेक्षा ते केंद्र जास्त जबाबदार आहे.

केंद्र पाहायला जा, पण त्या दिवशी बसू नका

पहिली भेट नुसती पाहणीची ठेवा. दुसऱ्या कुणाचं सत्र चालू असेल तेव्हा बाजूला थांबून बघा. व्हीलचेअर वर नेता येईल असा रॅम्प किंवा होइस्ट (माणसाला झोळ्यात उचलणारं यंत्र) आहे का? घोड्यापुढे एक माणूस आणि दोन्ही बाजूंना एकेक सहायक चालतो का? चालणाऱ्यांचं लक्ष स्वाराकडे असतं की आपसातल्या गप्पांकडे? प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट आहे का? सायकलचं चालत नाही.

मग दोन प्रश्न विचारा. ‘घोडा बिथरला तर मला खाली कसं घ्याल?’ आणि ‘मला डिसरिफ्लेक्सिया झाला तर काय कराल?’ पहिल्या प्रश्नावर त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं पाहिजे, कारण अशा उतरवण्याचा सराव ते नियमित करत असले पाहिजेत. दुसऱ्यावर त्यांनी तुम्हालाच उलट विचारलं पाहिजे की तुमचा नेहमीचा रक्तदाब किती असतो आणि तुम्हाला आधी काय जाणवतं. कोरे चेहरे दिसले तर परत फिरा.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने बघा: स्वाराला खोगिराशी पट्ट्याने करकचून बांधतात का. धडाला आधार हवा म्हणून बांधणं दिसायला सुरक्षित वाटतं, पण घोडा पडला किंवा उधळला तर बांधलेला माणूस सुटू शकत नाही. पट्टा वापरायचाच तर ताण येताच आपोआप उघडणारा हवा. रिकिबीही पाय अडकला तर निसटेल अशा सुरक्षित प्रकारच्या. हिप्पोथेरपीत बरेचदा रिकीब लावतच नाहीत.

तुमचं खरं वजन सांगा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे; ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो. तोल नसलेल्या स्वाराचं वजन पाठीवर एका बाजूला पडतं, म्हणून चांगली केंद्रं त्याहून कमीच मर्यादा ठेवतात. घोड्याची पाठ दुखली तर त्याची चाल बिघडते, आणि बिघडलेल्या चालीचा तुम्हाला उपयोग नाही.

कपडे, त्वचा, लघवी, शौच

पॅंट निवडताना तिची आतली बाजू उलटून बघा. बैठकीखाली जाड शिवण, खिसा, बटण, रिव्हेट काहीही नको. जीन्स तर नकोच. दोन शिवणी जिथे मिळतात तो गाठीसारखा भाग नेमका बैठकीच्या हाडाखाली येतो, आणि घोड्याच्या प्रत्येक पावलाला तिथे घासतो. संवेदना असलेला माणूस दोन मिनिटांत जागा बदलेल. तुम्हाला ते कळणारच नाही. ताणणारी, अंगाबरोबर बसणारी, लांब पायांची पॅंट आणि खाली सुरकुती न पडणारं अंतर्वस्त्र घ्या. पुरुषांनी वृषण मांडी आणि खोगीर यांच्यात दाबले जात नाहीत ना, हे बसल्यावर तपासून घ्यावं. संकोच वाटतो, पण डिसरिफ्लेक्सियाचं ते नेहमी नजरेतून सुटणारं कारण आहे.

निघण्याआधी आरशात किंवा घरच्यांकडून त्वचा तपासा: बैठकीची हाडं, माकडहाड, जांघा, गुडघ्यांची आतली बाजू, घोटे. लाली असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

कॅथेटर घालून लघवी काढत असाल तर बसण्याच्या अगदी आधी मूत्राशय रिकामं करा. कॅथेटर कायम असेल तर पिशवी रिकामी करा, आणि नळी मांडीखाली किंवा कुठल्या पट्ट्याखाली दुमडत नाही ना ते बसल्यावर पुन्हा बघा. शौचाचा दिवस आणि घोड्याचा दिवस असे लावा की आतडं मोकळं असेल. शौचाची प्रक्रिया झाल्या झाल्या लगेच निघू नका.

ज्यांचा रक्तदाब बसल्यावर घसरतो त्यांनी पाणी पिऊन, पोटाचा पट्टा आणि दाबाचे मोजे घालून जावं. मोज्यांची वरची कड गुंडाळली जाऊ देऊ नये. दुखापत वरच्या पातळीची असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही आणि शरीर तापत जातं, म्हणून सकाळची किंवा सावलीतली वेळ घ्या.

घोड्यावर बसणं

सगळ्यात जास्त काळजी इथे. घाई झाली तर ती इथेच होते, आणि इजा झाली तर तीही बहुधा इथेच.

घोडा रॅम्पला चिकटून डावी बाजू करून उभा राहतो, पुढे त्याला धरणारा माणूस, पलीकडच्या बाजूला उंच ठोकळ्यावर दुसरा सहायक. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटपट्टा, एकदा पुन्हा तपासून होतो. व्हीलचेअरचे ब्रेक लागतात. मग तुम्हाला उचलून, किंवा पृष्ठभाग एका पातळीवर असतील तर सरकफळीवरून, घोड्याच्या पाठीवर आडवं बसवतात. तोंड रॅम्पकडे, दोन्ही पाय रॅम्पच्या बाजूला. सरकवताना त्वचा ओढली जाता कामा नये; सरकवणं म्हणजे उचलून थोडं पुढे, पुन्हा उचलून थोडं पुढे.

आता उजवा पाय घोड्याच्या मानेवरून पलीकडे न्यायचा आहे. तो उचलला की धड मागे जातं, म्हणून पलीकडच्या सहायकाने तुमची पाठ आधीच सावरलेली हवी. पाय नेणाऱ्याचा एक हात गुडघ्याखाली, एक घोट्याखाली. पाय पिळायचा नाही, ओढायचा नाही. नेमक्या याच वेळी अनेकांना झटका येतो. मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर आवळतात, टाच थरथरायला लागते. तेव्हा जोर लावला तर झटका वाढतो. सगळ्यांनी जिथे आहे तिथे थांबायचं. गुडघा थोडा वाकवून धरायचा, तुम्ही श्वास सोडायचा, स्नायू स्वतःहून सैल होण्याची वाट बघायची. मग पाय सावकाश पलीकडे. घोडा या सगळ्यात दगडासारखा उभा राहायला हवा. तो चुळबुळ करत असेल तर त्या दिवशी दुसरा घोडा घ्यायला सांगा.

होइस्ट असेल तर पाय वेगळे ठेवणारा झोळा घ्यावा, म्हणजे वरूनच मांड घालता येते. बसल्यावर झोळा काढतात की खालीच ठेवतात ते विचारा. खाली ठेवायचा असेल तर त्याची एकही चुणी बैठकीखाली राहू नये.

बहुतेक ठिकाणी टणक खोगिराऐवजी मऊ लोकरी पॅड आणि मुठींचा पट्टा वापरतात. घोड्याची ऊब त्यातून मांड्यांपर्यंत पोचते, आणि ताठ स्नायू सैल व्हायला तिचीही मदत होते. जेलचं पॅड दाब कमी करतं. फार जाड मात्र नको, तोल जातो.

पहिली फेरी

बसल्यावर लगेच चालायला लावू नका. एक-दोन मिनिटं उभ्या घोड्यावर नुसतं बसा. चक्कर येते का, डोकं जड होतंय का, कंबर एका बाजूला कललेली आहे का, हे थेरपिस्टला बघू द्या. कललेली असेल तर आत्ताच नीट करायची. चालू घोड्यावर ती नीट होत नाही, आणि सगळा दाब एकाच हाडावर येत राहतो.

दोन्ही बाजूंचे सहायक हात तुमच्या मांडीवर आडवा ठेवून पॅड धरतात. हात टेकलेला हवा, दाबलेला नको, कारण तुम्हाला न जाणवणारा दाब त्यांनीच ओळखायचा आहे.

पहिली फेरी सरळ रेषेत, संथ, दहा मिनिटांची. हात मुठीवर. नजर घोड्याच्या कानांच्या पलीकडे, लांब; खाली बघितलं की धड पुढे कोसळतं. चालणं सोपं आणि थांबणं अवघड असतं, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. घोडा थांबला तरी धड पुढे जात राहतं. म्हणून घोडा चालवणाऱ्याने थांबण्याआधी मोठ्याने सांगितलं पाहिजे. पुढच्या सत्रांमध्ये हेच चालणं-थांबणं व्यायाम म्हणून वापरतात. मग मोठी वर्तुळं येतात, ज्यात बाहेरच्या बाजूला जाणारं धड आत आणावं लागतं. मग नागमोडी चाल, मग एक हात सोडणं, दोन्ही हात मांडीवर, हात वर, चेंडू एका सहायकाकडून घेऊन दुसऱ्याला देणं. पोटाचे स्नायू अंशतः काम करत असतील तर उलटं, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बसणंही थेरपिस्ट करून घेतात. दुडक्या चालीची घाई कुणालाच नको. उपचाराचा सगळा फायदा साध्या चालीत आहे.

डोकं ठणकायला लागलं तर

टी६ आणि वरच्या दुखापतीत अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा-मानेवर लाली किंवा घाम, अंगावर काटा, नाक चोंदणं, उगाचच घाबरल्यासारखं होणं, यातलं काहीही जाणवलं की तो डिसरिफ्लेक्सिया समजायचा. वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढलेला असतो. लक्षात ठेवा, अशा दुखापतीत नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या आसपास असू शकतो, म्हणून १४० हा आकडा पाहून ‘नॉर्मलच आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

घोडा थांबवायचा, तुम्हाला उतरवायचं आणि खुर्चीत ताठ बसवायचं. आडवं करायचं नाही. पाय खाली सोडायचे. पोटाचा पट्टा, मोजे, बूट, सगळं सैल. मग कारण शोधायचं: नळी दुमडली आहे का, मूत्राशय भरलं आहे का, कुठे चिमटा बसला आहे का, पॅंटखाली काही टोचतंय का. रक्तदाब दर दोन ते पाच मिनिटांनी मोजायचा. कारण दूर करूनही तो उतरला नाही तर थेट रुग्णालय. केंद्राकडे रक्तदाबाचं यंत्र नसेल तर स्वतःचं घेऊन जा, आणि या ओळी एका कार्डावर लिहून सोबत्याच्या खिशात ठेवा.

उतरणं आणि त्यानंतरचा दिवस

उतरताना पुन्हा रॅम्पवरच. जमिनीवर घसरत उतरण्याची पद्धत तुमच्यासाठी नाही. पाय दुमडून ठिसूळ हाड मोडण्याचा धोका त्यात सगळ्यात जास्त. शिवाय एक बदल लक्षात घ्या. ताठरपणा कमी झालेला असतो. ज्यांना एरवी पायाच्या ताठरपणामुळेच क्षणभर उभं राहता येतं आणि त्यावर ते खुर्चीतून पलंगावर जातात, त्यांचे पाय त्या दिवशी अचानक साथ सोडू शकतात. घरी गेल्यावर पहिल्या वेळी तरी कुणाला तरी जवळ उभं करा.

घरी पोचताच त्वचा पुन्हा बघा. दाबाची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पुढचं सत्र रद्द, आणि पॅड किंवा वेळ बदलेपर्यंत पुन्हा नाही. एखादा गुडघा किंवा मांडी सुजली, गरम लागली, किंवा झटके कारण नसताना वाढले, तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढा.

किती दिवस, आणि फायदा होतोय हे कसं कळणार

आठवड्यातून एक-दोन सत्रं, दहा मिनिटांपासून सुरू करून त्वचा साथ देईल तसं वीस-तीस मिनिटांपर्यंत. एक वही ठेवा. सुरू करण्याआधीच्या आठवड्यात रोज लिहा: रात्री झटक्यांमुळे किती वेळा जाग आली, हात न टेकवता किती वेळ बसता आलं, बसल्या जागी हात पुढे किती पोचला. सत्रांच्या दिवसांत आणि मधल्या दिवसांतही हेच लिहा. दोनेक महिन्यांनी वही थेरपिस्टसमोर उघडा. झटके फक्त सत्राच्या रात्री कमी होत असतील तर तसंच समजायचं, आणि तेवढ्या आरामासाठी हा खर्च-त्रास करायचा का ते तुम्ही ठरवायचं. मला विचाराल तर एका शांत झोपेची रात्र ही लहान गोष्ट नाही. बसण्यातला तोल सुधारत असेल, तर चालूच ठेवावं. यासाठी नेहमीचे व्यायाम किंवा उभं राहण्याचा सराव मात्र बंद करू नका.

ज्यांना घोड्यावर बसता येत नाही त्यांच्यासाठी काही केंद्रांत व्हीलचेअरसह चढता येणारी घोडागाडी हाकायला शिकवतात, तर काही ठिकाणी घोड्यासारखं हलणारं यंत्र असतं. यंत्रावर घोड्याच्या बिथरण्याचा धोका नाही. त्वचेची काळजी मात्र तीच.

आणि ज्यांची मांड पक्की बसते, त्यांनी स्वारी शिकावी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय १९४४ मध्ये पोलिओने गुडघ्याखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागत असे, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक जिंकलं, आणि १९५६ मध्ये पुन्हा. घोडेस्वारी १९९६ पासून प्रत्येक पॅरालिम्पिकमध्ये आहे. पॅरा-ड्रेसाजमध्ये स्वारांचे पाच गट असतात. ज्यांची हालचाल सगळ्यात कमी, तो पहिला गट फक्त साध्या चालीवर स्पर्धा करतो. त्या वाटेने जायचं असेल तर थेरपिस्टकडून प्रशिक्षकाकडे जाताना तुमची वही आणि डॉक्टरांची परवानगी दोन्ही सोबत न्या, आणि नवा घोडा, नवं खोगीर आलं की त्वचेची तपासणी पुन्हा पहिल्या दिवसासारखी, दहा मिनिटांच्या फेरीपासून.